अल्को डिझेलची मॉडेल्स, आणि आपल्या आठवणीतली खरी इंजिनं

घोरपडी_यार्ड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे रेल्वेप्रवासावर ढिगाने लिखाण आहे, पण डिझेल इंजिनांच्या मॉडेल्सवर काहीच सापडलं नाही, म्हणून सुरुवात करतो.

माझ्याकडची मॉडेल्स एचओ स्केलची, म्हणजे १:८७ ची. आधी मिळेल ते घेत गेलो. अमेरिकन, जर्मन, एखादं इंग्लिश. कपाट भरत आलं तेव्हा जाणवलं की काढून बघावंसं वाटतं ते अल्को या अमेरिकन कंपनीचंच. त्याला कारणही तसंच आहे. आपलं डब्ल्यूडीएम-२ हे ब्रॉडगेजचं डिझेल इंजिन मुळात अल्कोचं डिझाइन. पहिली इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेतून आली, आणि १९६४ च्या जानेवारीत वाराणसीच्या डिझेल कारखान्यातून पहिलं देशी इंजिन बाहेर पडलं. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, ताशी १२० किलोमीटर. अल्कोने स्वतः १९६९ मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं, पण आपल्याकडे ती त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिली. डोक्यावर विजेच्या तारा नसलेल्या ब्रॉडगेजवरून ज्याने लहानपणी प्रवास केला, त्याच्या कानात तो आवाज आहेच.

आता मला एक डब्ल्यूडीएम-२ स्वतः बनवायचं आहे. पुणे शेडचं, म्हणजे पुण्यात देखभाल होणारं, मिरज लाइनवर चालणारं. माझा आग्रह असा की मॉडेल कुठल्यातरी एका खऱ्या इंजिनाचं असावं. त्याचा नंबर, शेडचं नाव, त्या वर्षीचा रंग, हूडवर, म्हणजे इंजिन झाकणाऱ्या खोक्यावर, साचलेली काजळी, सगळं त्याच इंजिनाचं. नुसतं 'डब्ल्यूडीएम-२ सारखं' काहीतरी करून कपाटात ठेवण्यात मला रस नाही.

तर ज्यांनी पुणे-मिरज-कोल्हापूर पट्टा ऐंशी-नव्वदच्या दशकात पाहिलाय त्यांनी आठवेल ते लिहा. मॉडेलवाल्यांनी गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, मत द्या. आणि तुमच्याकडे जे असेल, त्याबद्दलही लिहा.

वाठार_स्टेशन

वा, मनातला विषय काढलात.

आमच्या पुणे-मिरज लाइनचं ब्रॉडगेज १९७१ मध्ये झालं, त्याआधी मीटरगेज होती. मला आठवतं ते अर्थातच नंतरचं. मुंबईहून येणारी गाडी पुण्यापर्यंत विजेवर यायची, १५०० व्होल्ट डीसीवर. पुण्याला ते इंजिन सुटायचं आणि पुढे डिझेल लागायचं. तो वेळ आम्हा मुलांच्या हक्काचा. वडील चहा घ्यायला उतरायचे आणि आम्ही पार पुढच्या टोकाला पळायचो. डिझेल मागे मागे येत असायचं, पॉइंट्समन हिरवी झेंडी हलवत रुळाच्या कडेने चालत यायचा, मग बफर टेकायचे तो धप्प आवाज, आणि लगेच कपलिंग जोडायला माणूस मधे शिरायचा.

खरी मजा आळंदी सुटल्यावर, शिंदवण्याच्या घाटात. पुढे आदर्कीला पुन्हा घाट. वळणावर खिडकीतून मान बाहेर काढली की इंजिन दिसायचं, आणि ड्रायव्हरने नॉच (ताकदीची पायरी) वाढवला की आधी काळा धूर, मग आवाज. हा क्रम मला पक्का आठवतो. आधी धूर, मग आवाज.

ऑईलकॅन

@वाठार_स्टेशन, क्रम अगदी बरोबर आहे, आणि त्याला यांत्रिक कारण आहे. अल्कोच्या २५१ इंजिनात टर्बोचार्जर फिरतो तो फक्त एक्झॉस्टच्या जोरावर. नॉच वाढवला की गव्हर्नर जास्त डिझेल सोडतो, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात डिझेल जास्त आणि हवा कमी. ते अर्धवट जळालेलं डिझेल म्हणजेच तो काळा धूर. टर्बो भरला की धूर विरळ होतो आणि ती वरच्या पट्टीतली शीळ ऐकू येते. आयडलला इंजिन मिनिटाला साधारण ४०० फेरे फिरतं, आठव्या नॉचला १०००. त्यामुळेच उभं असताना एकेक ठोका सुटा ऐकू येतो.

नंतर आलेली डब्ल्यूडीपी-४, डब्ल्यूडीजी-४ ही ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची टू-स्ट्रोक इंजिनं. त्यांचा टर्बो कमी वेगात गिअरने फिरवला जातो, म्हणून धूर फारसा नाही. आवाजही एकसुरी, घुमणारा. ताकदीने कितीतरी मोठी, ४००० अश्वशक्तीच्या घरातली, पण फलाटावर उभं राहून ऐकावं ते अल्कोच.

मॉडेलमध्ये आवाज हवा असेल तर डीसीसी, म्हणजे रुळांतून डिजिटल संदेश देऊन मॉडेल चालवायची पद्धत, घ्या. ते संदेश वाचणाऱ्या ध्वनी-डिकोडरमध्ये अल्को २५१ चा आवाज तयार मिळतो. घेताना एवढं बघा की तो सोळा सिलिंडरचा आहे की बाराचा. बाराचा ठोका वेगळा पडतो, आणि ज्याने खरं ऐकलंय त्याला ते खटकत राहतं.

सुलभा_मिरज

माझे बाबा याच लाइनवर ड्रायव्हर होते, त्यामुळे आतल्या बाजूचं थोडं सांगते.

डब्ल्यूडीएम-२ ला केबिन एकच, एका टोकाजवळ. एका बाजूला छोटं नाक, म्हणजे शॉर्ट हूड, दुसऱ्या बाजूला लांबलचक हूड, ज्यात इंजिन असतं. केबिनमध्ये चालवायच्या जागा दोन, दोन्ही दिशांसाठी. लांब हूड पुढे असेल तर ड्रायव्हरला समोरची एकच बाजू दिसते. दुसऱ्या बाजूचा सिग्नल असिस्टंटने बघायचा आणि मोठ्याने पुकारायचा, मग ड्रायव्हरने तोच परत उच्चारायचा. बाबा निवृत्तीनंतरही आमच्याबरोबर गाडीने जाताना सिग्नल दिसला की पुटपुटायचे.

आणि टोकन! सिंगल लाइन असल्यामुळे पुढच्या स्टेशनपर्यंत जायची परवानगी म्हणजे तो लोखंडी गोळा. चामड्याच्या पाकिटात घालून मोठ्या रिंगला बांधलेला असायचा. गाडी थांबणार नसेल तर फलाटाच्या टोकाला पोर्टर रिंग उंच धरून उभा, आणि असिस्टंट केबिनच्या दारातून हात बाहेर काढून ती दंडात अडकवून घ्यायचा. त्याआधी जुनी रिंग खाली टाकायची. रात्री पोर्टरच्या हाती मशाल. ज्यांच्या हाताला रिंग नीट बसायची नाही त्यांच्या दंडावर वळ उठायचे, ते मी पाहिलेत.

घोरपडी_यार्ड, तुम्ही मॉडेल करणार असाल तर दारात हात बाहेर काढलेला असिस्टंट नक्की दाखवा. इंजिन उभं दाखवलंत तर त्यातला अर्धा जीव जाईल.

स्क्रॅचबिल्ड_सदाशिव

गेजचं बोलू, कारण सगळं तिथे अडतं.

आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ ने भागलं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. बाजारात एचओचा रूळ मिळतो साडेसोळाचा, जो १४३५ च्या स्टँडर्ड गेजसाठी आहे. म्हणजे आपलं इंजिन तयार रुळावर ठेवलं की दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं अंतर पावणेतीन मिलिमीटरने कमी पडतं. बाजूने फोटो काढला तर कळत नाही, कारण बोगीची, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याची, चौकट आपण हवी तेवढी बाहेर लावू शकतो. समोरून पाहिलं की मात्र भरल्या अंगाच्या माणसाने पाय जुळवून उभं राहावं तसं दिसतं.

दोनच मार्ग आहेत. चालवायचं असेल तर साडेसोळा मुकाट्याने स्वीकारायचं. काचेच्या पेटीत ठेवायचं असेल तर आस लांब करून एकोणीसचा रूळ हाताने घालायचा. सरळ रूळ घालणं जमतं. पॉइंट्स, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे, हाताने करायला बसलात तर घरचे जेवायला हाका मारून थकतील एवढा वेळ जातो. मी स्वतः साडेसोळाच्या बाजूचा. मॉडेल चाललं पाहिजे, असं मला वाटतं.

चासीसाठी अमेरिकन सहा-आसांचं अल्को बघा, ट्रायमाउंट बोगीवालं. डब्ल्यूडीएम-२ ची बोगी त्याच घराण्यातली. तीन आसांमधलं अंतर सारखं नसतं, मधला आस एका बाजूला सरकलेला असतो. आसांची अंतरं समान असलेली बोगी लावलीत तर बाकी कितीही छान केलंत तरी इंजिन परकं दिसतं. बफरपासून बफरपर्यंत खऱ्या इंजिनाची लांबी १७.१२ मीटर, म्हणजे मॉडेल १९७ मिलिमीटरच्या आसपास. चाकाचा व्यास १०९२, म्हणजे साडेबारा. अमेरिकन बॉडीतलं काही वापरता येईल या भरवशावर राहू नका, आपली केबिन आणि हूड वेगळी आहेत. ती थ्रीडी प्रिंट करा, रेझिनमध्ये. वायरच्या प्रिंटरवर पट्ट्या दिसतात आणि घासताना हूडच्या दारांच्या बिजागऱ्या उडून जातात. हँडरेल मात्र प्रिंट करू नका. पितळेची बारीक तार घ्या, भोकं पाडा, एकेक बसवा.

अकोल्याचा_मीटरगेज

सदाशिवभाऊ, तुमचं गेजचं दुखणं वाचून आम्हा मीटरगेजवाल्यांना बरंच वाटलं बरं का. १००० मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे साडेअकरा, आणि एचओएमचा, म्हणजे एचओ मापातल्या मीटरगेजचा, बारा मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. युरोपात स्वित्झर्लंडसारख्या ठिकाणी मीटरगेज असल्याने त्यांची सोय झाली, ती आपल्याही कामाला आली. ज्यांना शकुंतला किंवा बार्शी लाइट यांसारखी नॅरोगेज करायची आहे त्यांचंही जमतं. ७६२ मिलिमीटरला नऊचा रूळ जवळपास बरोबर बसतो.

मी वायडीएम-४ करतोय. हेही अल्कोच, २५१ कुटुंबातलं, पण सहा सिलिंडर एका ओळीत. ठोका हलका आणि सुटसुटीत. आमच्या अकोला-खंडवा लाइनवर हीच इंजिनं. पूर्वी याच मार्गाने जयपूरची मीनाक्षी एक्स्प्रेस यायची, पूर्णेकडे जायची. मेळघाटात धूळघाटला गाडी डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळावरून वर जायची. खिडकीतून खाली बघितलं की आपण आत्ताच जिथून आलो तो रूळ दिसायचा. डब्यातले नवखे लोक तिथे हमखास उठून उभे राहायचे. जंगल एवढं जवळ की सागाची पानं खिडकीला घासायची.

२०१७ ला रुंदीकरणासाठी लाइन बंद झाली. नवी ब्रॉडगेज व्याघ्रप्रकल्पाच्या बाहेरून नेण्याचं ठरलंय. वाघांसाठी ते चांगलंच आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण म्हणजे तो वळसा आता परत कुणाला बघायला मिळणार नाही. म्हणून मी इंजिनापेक्षा तो वळसाच करतोय. पूल, खालचा रूळ, वरचा रूळ. इंजिन त्यावर फिरवायला पाहिजे म्हणून आहे.

इकडे कुणी आलं तर नागपूरचं मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय बघा. मॉडेलवाल्याला तिथे मापं घेता येतात, जवळून फोटो काढता येतात.

रत्नांग्रीकर

कोकण रेल्वेवाल्यांची हजेरी लावतो.

आमच्याकडे रेल्वेच नव्वदच्या दशकात आली, म्हणून वाफेचं इंजिन आमच्या कुणाच्या आठवणीत नाही. आमची रेल्वे म्हणजे डिझेलच. कोकणकन्या, मांडवी, आणि मालगाडीवर ट्रक चढवून नेणारी रो-रो. कल्याण शेडची इंजिनं पाठ होती. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आत शिरण्यापूर्वी बायका भराभर खिडक्या लावून घ्यायच्या, तरी काजळीचा वास आत यायचाच. आजी नाकाला पदर लावायची आणि बाहेर पडल्यावर "सुटलो गो बाये" म्हणायची.

२०२२ मध्ये संपूर्ण मार्गावर विजेची इंजिनं सुरू झाली. आता बोगद्यात तो वास नाही.

मॉडेल म्हणाल तर माझ्याकडे विकत घेतलेलं एकही नाही. मी कार्डशीटची करतो. ड्रॉइंग संगणकावर, छपाई जाड कागदावर, सुरीने कापून डिंकाने चिकटवायचं. रो-रोची आख्खी गाडी केलीय, वर ट्रक, ट्रकच्या केबिनमध्ये झोपलेला ड्रायव्हर. पावसाळ्यात कागद दमट होऊन वाकतो, म्हणून आतून दोन थर वार्निशचे देतो. ज्यांना मोटर, डिकोडर परवडत नाही त्यांनी कागदापासून सुरुवात करा. इंजिनाचा आकार हाताला जेवढा कागदात कळतो तेवढा विकतच्या मॉडेलमध्ये कळत नाही.

हडसनकाठचा_मराठी

न्यू जर्सीहून लिहितोय, मूळचा सांगलीचा.

इथून गाडीने दोन-अडीच तासांवर पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन. तिथली डेलावेअर-लॅकवाना ही छोटी मालवाहू रेल्वे आजही जुन्या अल्को घराण्यातली इंजिनं वापरते. वाफेच्या इंजिनांचं मोठं संग्रहालयही तिथेच, स्टीमटाउन. मुलांना ते दाखवायला गेलो होतो. बाहेर यार्डात कुठेतरी एक इंजिन आयडलवर उभं होतं, दिसत नव्हतं, फक्त ठोका येत होता. मी बायकोला म्हटलं, सांगली स्टेशन. ती किर्लोस्करवाडीची, तिला समजावून सांगावं लागलं नाही. मुलं मात्र आमच्याकडे बघत राहिली.

घोरपडी_यार्ड, इथे जुन्या मॉडेल्सचे बाजार भरतात, ट्रायमाउंट बोगीवालं वापरलेलं अल्को बऱ्यापैकी स्वस्तात मिळून जातं. मोटर चांगली असेल आणि बॉडी फुटकी असेल तर तुला तेच हवं, नाही का? दिवाळीत येतोय, सांग.

तारेखालचा

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. डिझेल गेलं ते चांगलंच झालं. विजेचं इंजिन घाट उतरताना ब्रेक लावतं तेव्हा वीज परत तारेत जाते. डिझेल इंजिन तीच ऊर्जा छपरावरच्या जाळीतून उष्णता म्हणून हवेत सोडायचं. मिरजेपर्यंत इंजिन बदलावं लागत नाही, तो वेळ वाचतो. आपल्याला तो धूर आवडतो कारण आपण खिडकीत होतो.

सुलभा_मिरज

@तारेखालचा, राग कशाला, खरं आहे ते. बाबांना एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. केबिनमधला आवाज आणि उन्हाळ्यातली भट्टी त्यांनी वर्षानुवर्षं सोसली. त्यांना विचारलं की डिझेल परत यावं असं वाटतं का, तर ते ठाम नाही म्हणतात. आजच्या मुलांना वातानुकूलित केबिन मिळते याचा त्यांना मनापासून आनंद आहे.

पण तेच बाबा अल्कोचा व्हिडिओ लावला की चांगला कान पुढे करून ऐकतात आणि नॉच सांगतात. "आता पाच. आता सहा. आता आठला टाकलं बघ." दोन्ही एकाच माणसात आहे. मॉडेल करणारा कुणी म्हणत नाहीये की खरं इंजिन परत आणा.

घोरपडी_यार्ड (धागाकर्ता)

सुलभाताई, बाबांना नमस्कार सांगा. हे वाचून माझं बरंच ठरलं.

मी ऐंशीच्या दशकातलं इंजिन करतो. म्हणजे व्हॅक्यूम ब्रेकचा काळ, त्यामुळे पुढच्या बाजूला जाड व्हॅक्यूम होज हवा. एअर ब्रेकचे बारीक होज घालून चालणार नाही. लांब हूड पुढे. केबिनच्या दारात असिस्टंट, हात बाहेर, रिंग दंडाला लागण्याच्या क्षणी. फलाटाच्या टोकावर पोर्टर. स्टेशन वाठार.

गेजबाबत सदाशिवभाऊंशी मी सहमत नाही. हा प्रसंग एकाच जागी असणार, गाडी फिरणार नाही, मग साडेसोळाची तडजोड कशासाठी? एकोणीसचा रूळ घालतो, हातभर तर घालायचाय. तरी आवाजासाठी डिकोडर आणि स्पीकर बसवणार, इंजिन जागेवर राहून नॉच वाढवेल.

@हडसनकाठचा_मराठी, फुटक्या बॉडीचं नक्की आण. पैसे आधी कळव.

ऑईलकॅन

काळ ठरवलास हे उत्तम. मग अक्षरांकडे लक्ष दे. मिरज पट्टा आधी दक्षिण मध्य रेल्वेच्या हुबळी विभागात होता, मध्य रेल्वेच्या पुणे विभागात नंतर आला. डब्यांवर आणि स्टेशनच्या सामानावर कुठल्या रेल्वेची अक्षरं येणार ते यावर ठरेल. रंगाचं म्हणशील तर आठवणीवर विसंबू नकोस, कुणाच्याच. शेड आपापल्या आवडीने रंगवायच्या आणि मोठ्या दुरुस्तीनंतर तेच इंजिन वेगळ्या रंगात परत यायचं. तारीख माहीत असलेला एक फोटो शोध, त्यातला नंबर घे, आणि त्या फोटोत जे दिसतं तेच कर. मापांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जाऊन ये, तिथे अमेरिकेहून आलेलं सुरुवातीचं डब्ल्यूडीएम-२ उभं आहे.

मॉडेल वापरून मळलेलं दिसावं म्हणून रंगवण्याबद्दल एक. नवशिके सगळीकडे सारखा काळा फवारा मारतात. खऱ्या इंजिनावर काजळी धुराड्याभोवती आणि तिथून मागे, हूडच्या माथ्यावर. बाजूच्या दारांवर तेलाचे ओघळ, खाली अरुंद. बोगीवर ब्रेकची तपकिरी भुकटी, त्यावर मुरमाची धूळ. आणि केबिनच्या दाराचा दांडा चकचकीत, कारण तिथे रोज हात लागतो.

वाठार_स्टेशन

वाठार! माझ्या आयडीचं नाव सार्थकी लागलं.

मामांच्या अल्बममध्ये स्टेशनवर काढलेला फोटो आहे, मागे सालासकट तारीख लिहिलेली. मुंजीला आलेले पाहुणे फलाटावर उभे आहेत आणि त्यांच्या मागे इंजिन. नंबरचे पहिले तीन आकडे स्पष्ट दिसतात, पुढचे दोन आत्याच्या डोक्याआड गेलेत. स्कॅन करून पाठवतो. त्याच दिवशीचे आणखी फोटो चुलत मामांकडे असतील, त्यांना आज फोन करतो.

स्क्रॅचबिल्ड_सदाशिव

एकोणीसचा रूळ घालायचं ठरवलंच आहेस तर स्लीपर लाकडाचे कर, माचिसच्या काड्या नकोत, त्या फार सरळ आणि एकसारख्या असतात. पातळ व्हिनियरच्या पट्ट्या कापून करड्या रंगात बुडव. गेज नीट राहावा म्हणून पितळेचा एक तुकडा १९.२५ ला घासून घे आणि दर चार स्लीपरना तो मधे धरून रूळ चिकटव. तुकडा मी करून देतो, कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वेत भेटू, तिथे धावत्या गाड्या बघता बघता बाकीचं बोलता येईल. पुढच्या आठवड्यात जमेल का?

घोरपडी_यार्ड (धागाकर्ता)

जमेल. प्रिंट केलेली केबिन घेऊन येतो, बिजागऱ्या तुम्ही बघा. वाठारकर, आत्याच्या डोक्याआडचे दोन आकडे मिळेपर्यंत नंबरची डीकल्स (चिकटवायची अक्षरं) छापायला टाकत नाही.